ओहोटीला आलेलं वादळ

पहाटे 4

गजर पाचचा लावला होता, पण चारलाच जाग आली. 3 जून 2020, बुधवार. लॉकडाऊन लागल्यापासून माझा मुक्काम बहुतेक तलाठी सजाच्या कार्यालयामागच्या खोलीतच असायचा. मुलगी आणि सासूबाई माणगावला. काल रात्री मुलीने फोनवर विचारलं, "आई, वादळ तुझ्याकडे येणारेय की आमच्याकडे?" मी म्हटलं, आधी माझ्याकडे, मग तुमच्याकडे.

उठून आधी फोन उघडला. तहसीलच्या ग्रुपवर हवामान खात्याचं रात्रीचं पत्रक येऊन पडलं होतं. मंगळवारी दुपारी अरबी समुद्रातल्या कमी दाबाच्या पट्ट्याचं चक्रीवादळ झालं आणि त्याला निसर्ग हे नाव मिळालं. नाव बांगलादेशने दिलेलं. हरिहरेश्वर ते दमण यांच्या दरम्यान, अलिबागच्या जवळ, बुधवारी दुपारी ते किनाऱ्यावर येईल असा अंदाज होता. हरिहरेश्वर आमच्याच श्रीवर्धन तालुक्यात. म्हणजे अंदाजाची रेघ जिथून सुरू होत होती तिथे मी बसले होते.

पत्रकात वाऱ्याचा वेग होता, ताशी शंभर किलोमीटरच्या वर. अतिवृष्टीचा इशाराही होता. पण मी तीनदा वाचलं ते एकच वाक्य: मुंबई, ठाणे आणि रायगडच्या सखल भागात नेहमीच्या भरतीच्या वर 1 ते 2 मीटर लाट चढू शकते.

खाडीकाठच्या माणसाला भरतीसाठी घड्याळ लागत नाही, तिथी लागते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. काल निर्जला एकादशी झाली, आज द्वादशी. बाराची पाऊणपट नऊ. हा ढोबळ हिशोब. तक्त्याप्रमाणे आज पूर्ण भरती दहाच्या आसपास होती आणि पौर्णिमा दोन दिवसांवर, म्हणजे पाणी उधाणाकडे चाललेलं. दहाला भरती, तिथून सहा तास ओहोटी. वादळ दुपारी आलं तर उतरत्या पाण्यावर येणार. तीन-चार तास लवकर आलं, तर भरल्या खाडीवर आणखी दोन मीटर पाणी चढणार आणि खालची आळी त्याच्या खाली जाणार.

माझ्या वहीत खालच्या आळीची एकतीस घरं आहेत.

पहाटे 5:30

उजाडता उजाडता बांधावर गेले. कोतवालदादा बॅटरी घेऊन सोबत होते. तात्या आधीच तिथे उकिडवे बसलेले. बांधावर त्यांची नेमणूक कुणी केलेली नाही. त्यांच्या वडिलांनी हा बांध राखला, म्हणून ते राखतात.

घाटावरून आलेल्या माणसाला खारबंदिस्ती समजावून सांगावी लागते, मलाही इथे बदली झाल्यावर तात्यांनीच समजावली होती. खाडी आणि शेत यांच्या मध्ये मातीचा बांध. बांधाच्या पोटात पाणी जायला वाट ठेवलेली असते, तिला उघाडी म्हणतात. उघाडीला खाडीच्या बाजूने लाकडी दारं, वरच्या कडेला बिजागरीवर टांगलेली. भरती आली की खाडीचं पाणी दार दाबून बंद करतं, खारं पाणी आत येत नाही. ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी दार ढकलून बाहेर पडतं. मोटार नाही, चाक नाही, माणूस नाही. दिवसातून दोनदा दार आपलं आपण मिटतं आणि आपलं आपण उघडतं.

यातली अडचणही तिथेच आहे. भरतीच्या वेळी मोठा पाऊस झाला तर दारं बंद असतात आणि डोंगरावरून उतरलेलं सगळं पाणी बांधाच्या आत कोंडतं. बाहेरून समुद्र चढतोय, आतून पऱ्ह्या, म्हणजे ओढा, भरतोय, मधली घरं दोन्हीकडून पाण्यात. आमच्याकडे पूर येतो तो असा येतो. नुसता पाऊस किती पडला यावर तो ठरत नाही, कुठल्या घटकेला पडला यावर ठरतो.

तात्यांनी बॅटरी तिसऱ्या दारावर धरली. फळीला कालवं चिकटून तिची धार झाली होती आणि खालच्या कोपऱ्यात लाकूड कुजून वीतभर भोक पडलं होतं. मी हात घातला तर कोपरापर्यंत गेला. या दाराचं मी दोनदा लिहून पाठवलं होतं. त्या पहाटे ते आठवून उपयोग नव्हता. कोतवालदादांनी सिमेंटच्या रिकाम्या गोण्या आणल्या, त्यात खाडीचा चिकण भरला, तात्या छातीएवढ्या पाण्यात उतरले आणि पायाने दाबून दाबून त्यांनी ते भोक बुजवलं. त्यांचं वय सत्तरच्या पुढे आहे. वर आल्यावर थरथरत होते, पण म्हणाले, "सकालची भरती काढील. रातच्याचं सांगत नाय."

वारा सुटला होता. जमिनीकडून समुद्राकडे, पहाटेच्या मतलईसारखा. फक्त मतलई सूर्य वर आला की पडते, हा वाढत होता.

सकाळी 7

घर रिकामं करायला सांगणं सोपं. रिकामं होणं वेगळं. आठ वर्षांच्या नोकरीत मी हे शिकले की घाबरवून कुणी घर सोडत नाही. प्रत्येक घराला एक खुंटा असतो, त्याला ते माणूस बांधलेलं असतं. तो खुंटा शोधून आधी सोडवावा लागतो, मग माणूस आपोआप चालू लागतं.

दिवसही वाईट होते. जूनचा पहिला आठवडा म्हणजे आगोटीची बेगमी नुकती पुरी झालेली. तांदूळ भरलेला, मसाला कुटलेला, सुकट, बोंबील, आंबाड उन्हं देऊन डब्यात, फाटी पडवीत रचलेली. चार महिन्यांचं पोट त्या घरात असतं. त्यात कोरोना. मे महिन्यात मुंबईहून आलेले चाकरमानी शाळेत विलगीकरणात होते, अकरा जण, कुणाचे पाच दिवस राहिलेले, कुणाचे नऊ. दोन महिने आम्हीच घरोघर जाऊन सांगत होतो, घराबाहेर पडू नका, गर्दी करू नका. आज आम्हीच सांगायला आलो होतो, घर सोडा आणि एका हॉलमध्ये येऊन बसा.

दवंडीला कोतवालदादा निघाले. मशिदीच्या भोंग्यावरून मराठीत सांगणं झालं, देवळाच्या कर्ण्यावरून झालं. वीज खबरदारी म्हणून बंद होणार होती, त्याआधी हे दोन्ही उरकून घेतलं.

पहिलं घर आजींचं. तीन शेळ्या आणि त्या. नातू कांदिवलीला अडकलेला. मी दारात उभी राहिले तर त्यांनी पदर नाकाला लावला आणि हातानेच लांब राहायला सांगितलं. "बाय, मी नाय यायची. वादलानं मेले तं माझ्या घरात मेले. त्या रोगानं मेले तं माती पन कोन देनार नाय."

याला काय उत्तर द्यायचं? त्या महिन्यात बातम्यांत जे दिसत होतं ते त्यांनीही पाहिलं होतं. मी पायरीवर बसले. म्हटलं, आजी, शाळेतल्या माणसांना मी तुमच्याजवळ आणणार नाही, शब्द देते. तुम्हाला खिडकीजवळची जागा देते. त्या काही बोलल्या नाहीत. मग सोबत आलेल्या आरोग्य विभागाच्या आशाताईने शेळ्यांकडे बघून विचारलं, "यातली गाभण कुठली?" आजींनी एकीच्या पाठीवर हात ठेवला. "मग हिला आधी नेऊ. तुम्ही हिच्याबरोबर चला." खुंटा तो होता. पाच मिनिटांत आजी काठी घेऊन निघाल्या. शेळी पुढे, त्या मागे.

आशाताईबद्दल लिहायला हवं. या आळीतल्या एका सुनेला नववा महिना लागला होता. आशाताईने काल संध्याकाळीच भांडून तिला तालुक्याच्या दवाखान्यात पोचवलं. सासू म्हणत होती, अजून पंधरा दिवस आहेत. आशाताई म्हणाली, पंधरा दिवस आहेत, पण उद्या रस्ता नसेल. त्या एका वाक्याने आम्ही एक बाळंतपण वादळातून बाहेर काढलं.

कोळीवाड्याच्या टोकाला एक भाऊ होडीपाशी बसलेले. बहुतेक होड्या वर ओढून शाकारून झाल्या होत्या, यांची अजून उघडी होती. 2009 च्या नोव्हेंबरात फयान वादळ आलं तेव्हा हे समुद्रात होते, दोन दिवस त्यांचा पत्ता नव्हता. त्यामुळे वादळ म्हणजे काय हे मी त्यांना सांगणं बरोबर दिसलं नसतं. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, घर गेलं तं सरकार पत्रे देल. मशीन गेली तं कोन देल?"

मशीन म्हणजे होडीचं इंजिन. कर्जाने घेतलेलं, अजून हप्ते चालू. पोलीसपाटलांनी टेम्पो बोलावला. चौघांनी इंजिन उचलून त्यात ठेवलं, वरच्या आळीला पाटलांच्या ओटीवर नेलं, चादर टाकली. भाऊ इंजिनामागोमाग गेले आणि त्यांच्यामागोमाग त्या टोकाची सहाही घरं निघाली. त्या वस्तीत त्यांचा शब्द चालतो, हे मला ठाऊक होतं. फक्त त्यांचा खुंटा होडी असेल असं मी धरून चालले होते. चूक होती. होडीचं त्यांनी मनाने सोडून दिलेलं होतं.

कुणाचा खुंटा पत्र्याची पेटी, तिच्यात रेशनकार्ड आणि सातबारा. ती पिशवीत घालून दिली की माणूस मोकळा. एका घरात सुकटीचे दोन डबे डोक्यावर घेऊनच बाई बाहेर पडल्या, आम्ही घेऊ दिले. डबे ठेवून या म्हणालो असतो तर त्या दुपारी डब्यांसाठी परत गेल्या असत्या.

सकाळी 9:40

एकतीसपैकी अठ्ठावीस घरं रिकामी. उरलेल्या तीन घरांपैकी दोन घरांची माणसं वरच्या आळीत पाहुण्यांकडे गेलेली निघाली. एक घर उरलं, त्याचं पुढे येईल.

बांधावर पाणी पहिल्या खुणेच्या वर. तात्यांची खूण म्हणजे उघाडीच्या भिंतीत बसवलेला एक काळा दगड. नेहमीच्या द्वादशीला पाणी त्या दगडाच्या पायाशी असतं. आज वर होतं, हातभर. पाऊस आडवा लागला होता. वारा अजून जमिनीकडूनच, म्हणून खाडीवर लाट नव्हती, नुसता फुगवटा. पाणी गप्प चढत होतं.

तात्या म्हणाले, "भरली आता. अर्ध्या तासात उतराय लागल." वादळ किती लांब आहे ते मला फोनवर दिसत होतं, पाणी कधी उतरेल ते त्यांना दिसत होतं. दोन्ही मिळून आमच्याकडे दोनेक तासांची सवड होती.

सकाळी 10:45

आता माझी चूक.

दरवर्षी मान्सूनच्या आधी गावाचा आपत्ती आराखडा भरून द्यावा लागतो. त्यात निवाऱ्याचा रकाना असतो. गेल्या वर्षी मी लिहिलं होतं: समाजमंदिर, क्षमता 100. हॉलची लांबी-रुंदी टेपने मोजून लिहिलं होतं. जमीन मोजली. छप्पर बघितलं नाही. समाजमंदिराला पत्रे आहेत, लोखंडी कैचीवर हुकांनी आवळलेले.

खालच्या आळीची माणसं तिथे अंतर ठेवून बसलेली. चहा झाला होता. मी यादी घेऊन नावं वाचत होते आणि वरून एक आवाज यायला लागला, टिक, टिक, टिक. आधी वाटलं गळतंय. वर बघितलं. दक्षिणेकडच्या कोपऱ्यातल्या पत्र्याचा हुक आपल्या भोकात नाचत होता. वारा आत शिरला की पत्रा दोन बोटं वर उठायचा, उजेडाची फट दिसायची, मग पत्रा खाली बसायचा. श्वास घेतल्यासारखा. बघता बघता शेजारचा हुक वाजायला लागला.

इंजिनवाले भाऊ माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनीही वर बघितलं. दोघंही बोललो नाही, कारण आजी आमच्याकडे बघत होत्या.

बाहेर येऊन पाटलांना फोन लावला. गावात स्लॅबची मोठी घरं तीन. त्यातलं एक दुबईला असलेल्या भावांचं, दोन मजली. तिथे त्यांची आई एकटी असते, सगळं गाव त्यांना खाला म्हणतं. पाटील तिकडे पळाले. पाच मिनिटांत फोन आला, मागून खालांचाच आवाज: "विचारतेस काय गो, घेऊन ये सगल्यांना."

सव्वाशे पावलांचं अंतर. आम्ही ते वीस मिनिटांत पार केलं. पोरांना मोठ्यांनी कडेवर घेतलं, म्हाताऱ्यांना मधे ठेवलं, नारळाखालून जायचं नाही म्हणून रस्ता सोडून गडग्याच्या कडेकडेने. शाळा जुनी कौलारू, तिथल्या अकरा चाकरमान्यांनाही सोडून चालणार नव्हतं. खालांच्या घराला बाहेरून जिना होता. त्यांना त्या जिन्याने वरच्या मजल्यावर आणि गावाला खाली. आजींना दिलेला शब्द असा योगायोगाने पाळला गेला.

साडेअकराच्या सुमारास समाजमंदिराचा पहिला पत्रा गेला. मी पाहिला नाही, ऐकला. मग एकामागून एक. संध्याकाळी त्यातला एक पत्रा मला दोन शेतं पलीकडे एका जांभळाच्या खोडाला कागदासारखा गुंडाळलेला सापडला. त्या हॉलमध्ये सकाळी माणसं बसली होती, ती मी बसवली होती. त्या दिवसापासून मी कुठल्याही निवाऱ्याची पाहणी करायला गेले की आधी वर बघते.

दुपारी 12 ते 2:30

या अडीच तासांबद्दल मला फार लिहिता येत नाही, कारण काम असं काही नव्हतं. दारं लावली होती, दारांना आतून पलंग लावले होते. फोनची रेंज साडेबाराला गेली ती गेली. वादळाने किनारा ओलांडला तो साडेबारा ते अडीच यांच्या दरम्यान, अलिबागच्या थोडं दक्षिणेला, हे नंतर कळलं. आम्हाला तेव्हा कळत होते ते फक्त आवाज.

पोफळ मोडते तेव्हा फटाका वाजल्यासारखा आवाज येतो. ती मुळापासून उपटत नाही, मधोमध तुटते. माड उपटतो, त्याचा आवाज खोल, जमिनीतून येणारा. आंब्याची फांदी आधी करकरते. खालच्या खोलीत बसलेली सगळी माणसं वाडीतली. प्रत्येक आवाज कुठल्या झाडाचा आणि कुठल्या दिशेचा हे त्यांना कळत होतं. श्रीवर्धनी रोठा सुपारीची कीर्ती सगळ्यांना ठाऊक आहे. ती देणारी पोफळ लावल्यावर पाच-सात वर्षं सांभाळावी तेव्हा कुठे फळाला येते. एक काका डोळे मिटून बोटं मोडत होते. मला वाटलं जप करतायत. ते पोफळी मोजत होते. चाळीसच्या पुढे गेल्यावर त्यांनी हात मांडीखाली घेतला.

एकदा वारा फिरला. सकाळपासून जमिनीकडून येत होता, मग दक्षिणेकडून, आणि आता एकदम समुद्राकडून. खिडकीच्या फटीतून पाण्याची धार आडवी आत आली, समोरच्या भिंतीपर्यंत. चाखलं तर खारट. आजींची गाभण शेळी जिन्याखाली बसली होती, ती उठून उभी राहिली. सगळ्यांचे डोळे माझ्याकडे. मी घड्याळ बघितलं, दोन वाजायला आले होते. खाडी दहाच्या पुढे भरली होती, म्हणजे आता जवळजवळ चार तास उतरून झाले होते. मी मोठ्याने म्हटलं, "पाणी खाली गेलंय. लाट आली तरी ओहोटीच्या वर येणार, बांधाच्या वर नाही." कोळीवाड्यातल्या बायकांनी माना हलवल्या. त्यांना माझ्याआधीच कळलं होतं, माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

दुपारी 3:30

दार उघडलं तर समोर रस्ता नव्हता. झाडांचा ढीग होता, विजेचे खांब वाकून त्यावर पडलेले, तारा पागोळ्यांसारख्या लोंबत. प्रवाह सकाळपासून बंद होता, तरी तारेला हात लावायचा नाही हे कोतवालदादांनी ओरडून ओरडून सांगितलं.

आणि ते राहिलेलं एक घर. तिथे एक आजोबा आणि त्यांचा मुलगा होते, सकाळी दोनदा जाऊनही आले नव्हते. मुलाला चालता येत नाही. आम्ही त्याला खुर्चीवर बसवून नेऊ म्हणालो होतो, पण तो गावासमोर असा उचलून जायला तयार नव्हता. त्याचा खुंटा हा होता आणि मला तो सोडवता आला नाही. आता आम्ही कोयती घेऊन फांद्या तोडत तिथवर गेलो. कौलं सगळी उडालेली, एक वासा तुटून खाली आलेला. दोघं पलंगाखाली होते, भिजलेले, जिवंत. मुलाच्या कपाळाला खोक पडली होती. आशाताईने ती बांधली. यावेळी तो काही बोलला नाही. इंजिनवाल्या भाऊंनी त्याला सरळ पाठीवर घेतलं.

संध्याकाळी 4:45

सगळे घरांकडे धावत होते, ते साहजिकच. तात्या एकटे बांधाकडे निघाले होते. मी त्यांना गाठलं.

उघाडीच्या तोंडाशी एक अख्खा माड आडवा येऊन अडकला होता, शेंड्यासकट. झावळ्यांमध्ये गोण्या, पेंढा, समाजमंदिराची सतरंजी, सगळं अडकून बूच बसलं होतं. बांधाच्या आत गुडघ्याच्या वर पाणी साचलेलं, बाहेर खाडी तळाला. ओहोटी असूनही आतलं पाणी जात नव्हतं. रात्री पावणेदहाच्या सुमाराला पुन्हा भरती. तोपर्यंत हे पाणी बाहेर काढलं नाही, तर भरतीला दारं मिटणार आणि रात्रीचा पाऊस या पाण्यावर चढणार. वादळात वाचलेली घरं मग पावसाच्या पाण्यात बसणार.

तात्या एवढंच म्हणाले, "पाच तास हायत."

मी गावात परत जाऊन माणसं मागितली. ज्यांच्या घराची कौलं गेली त्यांना कुठल्या तोंडाने बोलावायचं? तरी नऊ जण आले. वरच्या मजल्यावरचे तीन चाकरमानी जिन्यावरून म्हणाले, आम्ही आलो तर चालेल का, लांब उभे राहू. त्यातला एक भांडुपला फर्निचरचं काम करतो, त्याच्या पिशवीत करवत होती. नियमाने त्यांना बाहेर काढायचं नव्हतं. मी या म्हटलं.

माड जागच्या जागी तीन तुकड्यांत कापला. पाण्यात उभं राहून, दोरखंड बांधून, एकेक तुकडा ओढून काढला. आधी झावळ्या सोडवल्या, मग सतरंजी, मग दारापाशी एक घुसळण झाली आणि पाणी बाहेर पडायला लागलं. आधी हातभर रुंद, मग सगळी मोरी भरून. पहिलं दार उघडलं, दुसरं उघडलं. तिसरं कुजलेलं दार सकाळच्या गोण्यांमुळे अडून बसलं होतं. तात्यांनी पायाने गोण्या मोकळ्या केल्या आणि हसले. दिवसभरात पहिल्यांदा कुणी हसलेलं मी पाहिलं.

संध्याकाळी 7

मोजणी. यादी ओली झाली होती, नावं वाचता येत होती. सगळी माणसं मिळाली. जिल्ह्यात त्या दिवशी माणसं दगावली, ते कळायला आम्हाला दोन दिवस लागले. आमच्या सजात तीन जखमी, दोन गाई गेल्या, आजींच्या शेळ्या तिन्ही होत्या.

नुकसानीचे पंचनामे उद्यापासून. अतिवृष्टीची मदत ठरताना महसूल मंडळात चोवीस तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला का ते बघतात. वाऱ्यात पाऊस आडवा येतो आणि आडवा पाऊस पर्जन्यमापकाच्या तोंडात पुरता पडत नाही. आमच्या भिंतींवर जो पाऊस आदळला तो नळीत मोजून दाखवता येणार नाही, म्हणून मी खालच्या आळीतल्या प्रत्येक घरात पाणी कुठवर चढलं त्याची भिंतीवरची ओली रेघ टेपने मोजून वहीत लिहून ठेवली, उजेड होता तोवर.

माणगावला फोन लागत नव्हता. वादळ इथून तिकडेच गेलं होतं. पाटलांनी मोटारसायकलवरून एक पोरगा निघतोय म्हणून सांगितलं, पण घोणसे घाटातून जाता येईल का हे कुणालाच माहीत नव्हतं. मी मुलीसाठी चिठ्ठी लिहून दिली.

रात्री 9:45

खालांच्या चुलीवर पिठलं-भात झाला. त्यातला डबा घेऊन मी आणि कोतवालदादा बांधावर गेलो. पाऊस धरून होता, पण सरळ पडत होता. गावात एकही दिवा नाही. पुढे कित्येक आठवडे नव्हता.

तात्यांनी तिसऱ्या दारात नव्या गोण्या घातल्या होत्या. आतलं पाणी घोट्याच्या खाली आलेलं. आम्ही तिघं उघाडीच्या भिंतीवर बसलो. बॅटरी काळ्या दगडावर धरली. पाणी दगडाच्या पायाशी आलं, तिथून वर चढायला लागलं. एक बोट. दोन बोटं. मग तात्यांनी हात वर केला, ऐका म्हणून.

अंधारात पहिलं दार मिटलं. लाकडावर लाकूड बसल्याचा जड, ओला आवाज. मग दुसरं. तिसऱ्याला वेळ लागला. तात्या पुढे वाकले होते, तोंडातला घास तसाच. मग तेही मिटलं.

"आता जेवा," ते म्हणाले आणि डबा माझ्याकडे सरकवला.